पाणी जड का होतं?

पुण्याच्या उपनगरांत धरणाचं पाणी कमी पडलं की सोसायट्या बोअर-टँकरवर येतात. मग डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, नळावर पांढरा थर! खडकांतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. तोच हा जडपणा.

💧 भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

💧 टीडीएस मीटर विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतो. जडपणा वेगळा तपासावा लागतो. जंतू मात्र दोन्हींत दिसत नाहीत!

💧 उकळल्याने जडपणाचा काही भागच तळाशी बसतो.

💧 नळावरचा थर? व्हिनेगर किंवा लिंबू चोळा.