खुल्या नकाशासाठी कोणता जीपीएस?

जीपीएस यंत्र घेताना आपण बहुधा तीन गोष्टी पाहतो: पडदा केवढा आहे, किंमत किती आणि वळण बोलून सांगते का. ओपनस्ट्रीटमॅपसारखा खुला नकाशा वापरायचा असेल, तर त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. उपग्रह एक सांगत आहेत आणि नकाशा दुसरेच दाखवतो आहे, अशा वेळी हे यंत्र कोणाचे ऐकते? गाडीच्या काचेला लावायचा जीपीएस नकाशाचे ऐकतो. हातात धरायचा जीपीएस, ज्याला सगळे हँडहेल्ड म्हणतात, तो उपग्रहांचे ऐकतो. किमतीच्या आणि पडद्याच्या तुलनेत हा फरक हरवून जातो, पण खुल्या नकाशाच्या बाबतीत निकाल याच फरकावर लागतो. गाडीतल्या जीपीएसच्या सोयी खऱ्या आहेत. मात्र त्या पूर्ण झालेल्या नकाशासाठी घडवलेल्या आहेत, आणि खुला नकाशा कधीच पूर्ण झालेला नसतो.

ओपनस्ट्रीटमॅपचा जन्म पाहिला की हे लगेच पटते. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी हा प्रकल्प सुरू केला. त्या देशाचे अधिकृत नकाशे ऑर्डनन्स सर्व्हे ही सरकारी संस्था करते. जनतेच्या पैशातून झालेली ती माहिती तेव्हा जनतेलाच विकत घ्यावी लागे, आणि वापरायची तर अनेक अटी पाळाव्या लागत. म्हणून लोकांनी स्वतःच मोजणी करायचे ठरवले. हे शक्य झाले त्यामागे आणखी एक तारीख आहे. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएस संदेशात मुद्दाम घातलेला बिघाड काढून टाकला. तोवर सुमारे शंभर मीटरपर्यंत चुकणारी यंत्रे एका रात्रीत दहा-वीस मीटरच्या आत आली, आणि रस्त्यावरून चालत जाऊन तो रस्ता नकाशावर काढणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. मे २००६ मध्ये आइल ऑफ वाइट या इंग्लंडच्या दक्षिणेकडील बेटावर चाळीसेक माणसे शनिवार-रविवारभर जीपीएस घेऊन फिरली आणि बेटाच्या नकाशाचा मोठा भाग त्यांनी उभा केला. या नकाशात वापरणारा आणि काढणारा वेगळे नसतात. म्हणून त्यासाठी घ्यायच्या यंत्राची परीक्षाही दोन्ही बाजूंनी व्हायला हवी: नकाशा त्यात घालता येतो का, आणि आपण पाहिलेले त्यातून परत देता येते का.

पहिल्या बाजूने पाहिले तर गार्मिन कंपनीची यंत्रे पुढे आहेत, आणि त्याचे श्रेय कंपनीपेक्षा स्वयंसेवकांना जास्त जाते. गार्मिनचे नकाशे ज्या स्वरूपाच्या फाइलमध्ये असतात, त्या फाइलची रचना कंपनीने जाहीर केलेली नव्हती. लोकांनी ती बाहेरून उलगडली आणि ‘एमकेजीमॅप’ नावाची मोफत प्रणाली लिहिली. ती ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीतून गार्मिनला वाचता येईल असा नकाशा तयार करते. तयार फाइल मेमरी कार्डावर ‘गार्मिन’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली की काम झाले. ही वाट एट्रेक्स किंवा जीपीएसमॅप मालिकेतल्या हँडहेल्डना जशी लागू आहे, तशीच नुवी मालिकेतल्या गाडीच्या यंत्रांनाही. घेताना पाहायचे ते एवढेच, की यंत्र बाहेरचा नकाशा स्वीकारते की नाही. २०११ साली आलेल्या एट्रेक्स १०, २० आणि ३० या भावंडांपैकी १० मध्ये असा नकाशा घालताच येत नाही, २० आणि ३० मध्ये येतो. टॉमटॉमच्या गाडीच्या यंत्रांनी हा दरवाजा बंदच ठेवला होता. पुढे २०२२ मध्ये त्याच कंपनीने आपल्या नव्या नकाशांत ओपनस्ट्रीटमॅपची माहिती घ्यायचे जाहीर केले, यावरून त्या माहितीची योग्यता कळते.

म्हणजे नकाशा आत घालण्यापुरते गार्मिनचे दोन्ही प्रकार बरोबरीचे आहेत. फरक पडतो तो त्यानंतर. गाडीच्या जीपीएसमध्ये गाडी रस्त्यावरच आहे असे गृहीत धरलेले असते. उपग्रहांकडून आलेली जागा रस्त्यापासून थोडी बाजूला पडली, तर यंत्र तो बिंदू ओढून जवळच्या रस्त्यावर बसवते. शहरात उंच इमारतींमुळे जागा दहा-पंधरा मीटर हलत असते, तिथे हे वरदान आहे. पण मुंबई-गोवा महामार्गाचे उदाहरण घ्या. चौपदरीकरणात अनेक ठिकाणी जुनी वळणे सोडून रस्ता सरळ काढला गेला. नकाशात जुने वळण असेल आणि नवा रस्ता त्याला खेटून जात असेल, तर गाडीतले यंत्र तुम्हाला जुन्याच रस्त्यावर दाखवत राहील. अंतर फार वाढले की मगच ते हात सोडते आणि नव्याने मार्ग शोधू लागते. नकाशात चूक आहे ही गोष्ट तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्याहून वाईट म्हणजे अशा कित्येक यंत्रांत प्रवासाची जी रेघ साठवली जाते, तीही ओढून बसवलेल्या बिंदूंचीच असते. ती पाहून कोणी नकाशा दुरुस्त करायला बसला, तर जुनीच चूक पुन्हा गिरवली जाईल. हँडहेल्डमध्येही रस्त्याला चिकटण्याची सोय असते, पण ती बंद करता येते. ती बंद ठेवली की तुमचा बाण शेतातून चाललेला दिसतो, आणि इथे नकाशा चुकला आहे हे त्या क्षणी कळते.

ही साठवलेली रेघ, म्हणजे ट्रॅक, जरा जवळून पाहण्यासारखी आहे. ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. सेकंदाला एक बिंदू नोंदवला, तरी घाटातल्या आवळलेल्या वळणावर हाती चार-सहा बिंदूच येतात आणि वळणाचा कोपरा छाटला जातो. चालणारा माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे त्याच्या ट्रॅकमध्ये पायवाटेचा प्रत्येक वळसा उतरतो. एट्रेक्स २० मध्ये चालू ट्रॅक दहा हजार बिंदूंचा असतो. सेकंदाला एक धरला तर पावणेतीन तासांत तो भरतो, आणि पुढची नोंद सुरुवातीच्या बिंदूंवर चढू लागते. म्हणून ट्रॅकच्या सेटिंगमध्ये ‘भरल्यावर आपोआप जपून ठेव’ हा पर्याय आधीच निवडावा. जुन्या जीपीएसमॅप ६०सीएसएक्समध्ये आणखी एक खोच होती. त्यात ट्रॅक ‘सेव्ह’ केला की तो पाचशे बिंदूंवर आणला जाई आणि प्रत्येक बिंदूची वेळ पुसली जाई. ओपनस्ट्रीटमॅपला तर वेळेच्या नोंदीशिवायचा ट्रॅक चालतच नाही. त्यावर उपाय म्हणजे नोंद थेट मेमरी कार्डावर करायची. तिथे दर दिवसाची वेगळी फाइल, वेळेसकट, पूर्ण मिळते. हँडहेल्डमध्ये अशी अडचण आली तरी तिच्यावर इलाज यंत्रातच असतो. गाडीच्या बऱ्याच यंत्रांत मात्र ट्रॅक किती वेळाने नोंदवायचा, हे ठरवायची जागाच नसते.

आता सह्याद्रीकडे वळू, कारण मराठी वाचकासाठी खुल्या नकाशाची खरी गरज तिथेच आहे. महामार्ग कोणताही विकतचा नकाशा दाखवतो. घाटवाटा, नाळा, धनगरवाड्या, कातळात कोरलेली पाण्याची टाकी, फक्त पावसाळ्यात वाहणारे ओढे हे सगळे कोणी पायी फिरणाऱ्याने नोंदवले तरच नकाशात येते. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या जागी दोन्ही बाजूंना उभे कडे असतात. आकाशाची पट्टीच दिसते, उपग्रह कमी सापडतात, आणि कातळावर आपटून आलेले संदेश जागा चुकवतात. अशा ठिकाणी अँटेना महत्त्वाची ठरते. जीपीएसमॅप मालिकेच्या डोक्यावर दिसणारा ठोंब म्हणजे वेटोळ्याची अँटेना. ते यंत्र उभे धरले तर चांगले चालते. एट्रेक्समधली अँटेना सपाट असते, म्हणून ते यंत्र पडदा आकाशाकडे करून आडवे धरावे. खिशात उलटसुलट पडलेल्या यंत्राचा ट्रॅक वेडावाकडा आला, तर दोष यंत्राचा नसतो.

बाकी शरीररचनाही कामाला साजेशी आहे. एट्रेक्स २० दोन पेन्सिल सेलवर पंचवीस तास चालते असे कंपनी सांगते. सेल संपले तर दुसरे घालता येतात, आणि ते पायथ्याच्या गावातल्या दुकानात मिळतात. एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिले तरी आत पाणी जाणार नाही, या प्रतीचे ते आहे. त्याचा सव्वादोन इंची पडदा खोलीत बसून पाहिला तर मंद आणि ओबडधोबड वाटतो. मात्र तो ऊन परावर्तित करून उजळतो, त्यामुळे भर दुपारी पठारावर स्पष्ट वाचता येतो. गाडीच्या यंत्राचा पडदा मोठा आणि देखणा, पण त्याची बॅटरी काही तासांपुरती, कारण ते गाडीच्या चार्जरवर चालायचे हेच गृहीत असते. पावसात तर ते बाहेर काढायचेच नाही.

हे केवळ छंदाचे बोलणे नाही. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये भूकंप झाला, तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा कामापुरता तपशीलवार नकाशा उपलब्ध नव्हता. जगभरातल्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून तो काही दिवसांत काढला, आणि बचावपथकांनी तो गार्मिनच्या हँडहेल्डमध्ये घालून ढिगाऱ्यांमध्ये वापरला. रस्ते जिथे मलब्याखाली गेले होते, तिथे माणसाला रस्त्यावर ओढून बसवणारे यंत्र काय कामाचे?

आक्षेप आहेत, आणि त्यांतला पहिला रास्त आहे. गाडी चालवताना कोणी सव्वादोन इंची पडद्याकडे पाहू नये. पत्ता टाकावा, यंत्राने बोलून वळणे सांगावीत, हे काम नुवी कितीतरी चांगले करते. पण या सोयी किती चालतील, ते नकाशात काय आहे यावर ठरते. घरक्रमांक आपल्याकडच्या खुल्या नकाशात विरळ आहेत, त्यामुळे पत्त्याचा शोध बहुतेक गावाच्या नावापाशी थांबतो. नकाशात दोन रस्त्यांच्या रेघा एकमेकींना छेदतात, पण छेदाच्या जागी सामाईक बिंदू दिलेला नसेल, तर यंत्राच्या लेखी तिथे चौक नाही आणि ते तुम्हाला भलताच वळसा घालायला लावते. लांब पल्ल्याचा मार्ग काढतानाही असे नकाशे अडखळतात, मधले थांबे देऊन तो तुकड्यातुकड्यांनी काढावा लागतो. गाडीच्या यंत्राचे जे मुख्य कौशल्य, तेच इथे पांगळे पडते.

दुसरा आक्षेप जास्त ताकदीचा आहे: खिशात मोबाइल असताना दुसरे यंत्र कशाला? ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारखी ॲप हाच खुला नकाशा इंटरनेटशिवाय दाखवतात, मार्ग काढतात, ट्रॅकही नोंदवतात. हे सगळे खरे आहे. मात्र या युक्तिवादाने कोण बाद होतो ते नीट पाहावे. मोठा पडदा, बोलून सांगणे, गाडीतला चार्जर, हे सारे मोबाइलमध्ये आहे, म्हणून मोबाइलने गाडीच्या जीपीएसचे काम पुरते घेतले. हँडहेल्डचे काम त्याने घेतलेले नाही. पावसाच्या थेंबांनी मोबाइलचा पडदा बोटाचे ऐकेनासा होतो, दिवसभर ट्रॅक नोंदवला की बॅटरी उतरते, आणि डोंगरात मदतीसाठी फोन करायची वेळ आली तर तीच बॅटरी हवी असते. एक दिवसाच्या सोप्या भटकंतीला मोबाइल पुरेसा आहे, हे मी मान्य करतो. दोन-तीन दिवसांच्या घाटवाटेला नाही.

तिसरा आक्षेप असा की २०१० च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने बिंगची हवाई चित्रे ओपनस्ट्रीटमॅपला वापरू दिली, तेव्हापासून घरी बसून नकाशा काढता येतो, मग ट्रॅक कशाला हवेत? सपाट शहरात हे बऱ्याच अंशी चालते. डोंगराळ भागात मात्र चित्र जमिनीवर बसवताना उंचीच्या चुकीमुळे ते सरकते. कधी काही मीटर, कधी त्याहून बरेच जास्त. दाट झाडीखालची पायवाट आणि कड्याच्या सावलीतली नाळ चित्रात दिसतही नाही. चित्र किती सरकले आहे हे ताडून पाहायला चांगला ट्रॅकच लागतो, आणि एकाच वाटेचे अनेकांचे ट्रॅक असतील तर उत्तमच.

तेव्हा घ्यायचेच असेल तर मेमरी कार्डाची खाच असलेले, बाहेरचा नकाशा स्वीकारणारे, पेन्सिल सेलवर चालणारे हँडहेल्ड घ्या. वापरलेलेही चालेल. जुन्या यंत्रांत देवनागरी उमटत नाही, म्हणून रोमन अक्षरांतल्या नावांचा नकाशा निवडा. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे वेगळी, ती भारतात परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा आहे, हे खरेदीआधी तपासा. लष्करी हद्दीत नोंदी करू नका. आणि घाटवाटेवरून परत आलात की ट्रॅक यंत्रातच ठेवू नका. तो ओपनस्ट्रीटमॅपवर चढवा, वाटेवर पाण्याचे टाके कुठे होते आणि त्यात कोणत्या महिन्यात पाणी होते तेही नोंदवा. पुढे त्या वाटेने जाणाऱ्याला ही माहिती दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.