अन्नतंत्रज्ञान : बारावीनंतरची एक वेगळी वाट

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून दोनच शब्द ऐकू येतात, डॉक्टर आणि इंजिनिअर. त्यासाठी गुण कमी पडले की मुलगा मिळेल त्या शाखेला नाव घालतो, नाहीतर मिळेल त्या कामाला लागतो. अन्नतंत्रज्ञानाचे नाव काढले तर घरातील वडीलधारी माणसे विचारतात, "चार वर्षे शिकून काय आचारी होणार?" हा गैरसमज आधी दूर झाला पाहिजे.

हॉटेल व्यवस्थापनात पदार्थ बनवणे आणि पाहुण्यांची सरबराई शिकवतात. अन्नतंत्रज्ञानाचे काम वेगळे आहे. पदार्थ का नासतो, तो किती दिवस टिकेल, हजारो माणसांनी खाल्ला तरी कोणाला बाधणार नाही याची खात्री कशी करायची, हे तिथे शिकवतात. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, यंत्रे आणि गणित यांवर हा अभ्यासक्रम उभा आहे.

साधे दुधाचे उदाहरण घ्या. पिशवीतले दूध बहुधा 72 अंश सेल्सियसवर 15 सेकंद तापवून लगेच थंड केलेले असते. उष्णता कमी पडली तर रोगजंतू जिवंत राहतात, जास्त झाली तर चव बदलते. हे यंत्र सांभाळणारा, नमुना तपासणारा आणि शंका आली तर सगळा माल थांबवणारा माणूस या शिक्षणातून तयार होतो.

हे शास्त्र आपल्या घराला परके नाही. आपल्या आया-आज्यांनी बोंबील सुकवले, मांसाच्या चान्या वाळवल्या, लोणच्यात मीठ मोजून घातले. पाणी कमी झाले की जंतूंची वाढ थांबते आणि मीठही तेच काम करते. त्यांच्या हातांना हे ठाऊक होते. कॉलेजात त्याच ज्ञानाला नाव आहे, पदवी आहे आणि पुढे पगार आहे.

आपल्यासाठी या विषयाला आणखी एक अर्थ आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायला आपल्या माणसांना सत्याग्रह करावा लागला. आपला स्पर्श झाला की अन्न-पाणी बाटते, असे मानणारा तो काळ होता. आज त्याच समाजातील मुलगी प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून ते पिण्यायोग्य आहे की नाही, हे सही करून सांगू शकते. शुद्ध काय आणि अशुद्ध काय, हे जातीने नव्हे तर तपासणीने ठरवणारे हे क्षेत्र आहे. तिथे आपली मुले असली पाहिजेत.

शिकायचे कुठे? परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय 1976 पासून आहे. मुंबईत माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था 1933 ची, तर नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था 1942 ची. या ठिकाणी चार वर्षांची बी.टेक. पदवी मिळते. पुढे एम.एस्सी. करायची असेल तर म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था देशभर नावाजलेली आहे. बी.टेक.च्या प्रवेशासाठी बारावी विज्ञान आणि प्रवेश परीक्षा लागते. म्हणून अकरावीत घाबरून गणित सोडू नका. दहावीनंतर लवकर कमावणे भाग असेल, तर आय.टी.आय.मध्ये बेकरीसारखे छोटे अभ्यासक्रमही आहेत.

नोकऱ्या दूध डेअरी, बिस्किट, मसाले, फळप्रक्रिया, शीतगृहे आणि तपासणी प्रयोगशाळांत असतात. सरकारी वाटही आहे. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार अन्न सुरक्षा अधिकारी नेमले जातात. हे अधिकारी दुकाने-कारखाने तपासतात आणि नमुने घेतात. या पदासाठी अन्नतंत्रज्ञानाची पदवी चालते. लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारखान्यात पाळ्या असतात, रात्रपाळीही येते. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि एम.आय.डी.सी.जवळ खोली घेऊन राहावे लागते. खाजगी कॉलेजांच्या झगमगत्या जाहिरातींना भुलू नका. कॉलेज कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे आणि प्रयोगशाळा खरोखर चालू आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांना विचारले तरी पुष्कळ कळते.

फीच्या भीतीने माघार घेऊ नका. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न तिच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर फ्रीशिपची चौकशी करा. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरतात. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. 1990 च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती लागू झाल्या. त्यामुळे जातीचा दाखला राज्याच्या आणि केंद्राच्या, अशा दोन्ही नमुन्यांत काढून ठेवा. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करा. प्रवेशाच्या वेळी धावपळ केली तर एका कागदापायी अख्खे वर्ष जाते.

पालकांनो, मुलीने हा विषय निवडला तर "स्वयंपाक तर घरीच शिकशील" असे म्हणून तिला अडवू नका. ती चूल फुंकायला निघालेली नाही. लोकांच्या पोटात काय जावे आणि काय जाऊ नये, हे ठरवणाऱ्या खुर्चीवर बसायला ती निघाली आहे. तिच्या दाखल्यांसाठी तहसील कचेरीत एक खेप घालावी लागली, तर एक दिवसाचा खाडा सोसा. तो वाया जाणार नाही.