समुद्राने अडवलेले, मैदानाने मोकळे सोडलेले

मुंबई बरी की नागपूर, या वादात बहुतेक वेळा पगारातून भाडे वजा केले जाते आणि विषय संपतो. पण खरा फरक जमिनीने पाडला आहे. मुंबई म्हणजे पाण्याने वेढलेली चिंचोळी पट्टी. कचेऱ्या दक्षिण टोकाला एकवटल्या, परवडणारी घरे उत्तरेकडे सरकत गेली. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे रेल्वे धावली. पुढे रुळांच्या कडेकडेनेच उपनगरे वाढली. चर्चगेट ते विरार अंतर साठ किलोमीटर. विरारला घर स्वस्त मिळते खरे, पण उरलेली किंमत माणूस रोज लोकलमध्ये उभ्याने, वेळेच्या रूपात चुकवतो आणि ती कुठल्याच करारनाम्यात लिहिलेली नसते. नागपूर मात्र सीताबर्डीभोवती चहूकडे पसरू शकले. तिथे घर आणि काम यांतले अंतर सहसा दिवस खाऊन टाकत नाही.

यावर कुणी म्हणेल, वेळ वाचवून करायचे काय, काम तर मुंबईतच! आक्षेप बिनतोड नसला तरी वजनदार आहे. १९५६ साली नागपूरचे मध्य प्रदेशच्या राजधानीचे पद गेले. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येते आणि पाहुण्यासारखे परतते. विमानतळालगत मिहान हा उद्योगांचा प्रकल्प उभा राहिला, तरी शिकलेली मुले पुण्या-मुंबईची गाडी धरतातच. शिवाय पंचेचाळीस अंशांचा वैशाख आहे, त्यापुढे मुंबईचा घामही सुसह्य वाटावा. म्हणून नोकरीच्या पहिल्या वर्षांत मुंबईचे पारडे जड. घरात लहान मूल किंवा थकलेले आईवडील असले, की तेच पारडे माझ्या मते नागपूरकडे झुकते.