पावसाळ्यात भोपळ्याचा वेल का दगावतो? मुळाशी निचरा, पानांना वारा आणि पहाटेचे परागीभवन महत्त्वाचे

मुंबई : पावसाळ्याच्या तोंडावर परसदारी किंवा गच्चीवर लावलेला लाल भोपळ्याचा वेल महिनाभर जोमाने पसरतो. मात्र पावसाची झड लागली की पाने पिवळी पडतात, वेल माना टाकतो आणि इवलीशी फळे देठापासून गळू लागतात. पाऊस मानवला नाही, असे म्हणून काही जण वेल उपटून टाकतात, तर काही जण घाईने कीटकनाशक फवारतात. प्रत्यक्षात घरगुती बागेतील बरेचसे नुकसान पावसापेक्षा लक्षणांचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे होते.

नैऋत्य मोसमी पाऊस साधारणतः १ जूनला केरळात, ११ जूनला मुंबईत आणि २७ जूनच्या सुमारास दिल्लीत पोहोचतो. तमिळनाडूत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. त्यामुळे प्रांतागणिक लागवडीची वेळ बदलते. वेलाच्या गरजा मात्र सर्वत्र सारख्याच राहतात.

मुळांना हवा हवी

मुळांना पाण्याइतकीच हवेचीही आवश्यकता असते. माती सतत तुडुंब भिजलेली राहिल्यास तिच्यातील हवेची जागा पाणी घेते, मुळे गुदमरतात आणि बुरशीमुळे कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नसल्याने ओल्या मातीतही वेल सुकलेला दिसतो. अशा वेळी तहान लागली असे समजून आणखी पाणी घालणे ही सर्वात घातक चूक ठरते. वेल मलूल दिसताच प्रथम बोटभर खोल माती तपासावी.

यावर उपाय लागवडीपूर्वीच करावा लागतो. जमिनीपासून २० ते ३० सेंटिमीटर उंचीच्या गादीवाफ्यावर, कुजलेले शेणखत मिसळलेल्या भुसभुशीत मातीत बी टोकावे. कुंडी वापरायची असल्यास ती मोठी असावी, तळाची छिद्रे मोकळी असावीत आणि खाली पाणी साचवणारी ताटली ठेवू नये. बुंध्याभोवती वाळलेले गवत किंवा भाताचा पेंढा अंथरल्यास चिखलाचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत.

केवडा आणि भुरी यांतील फरक

केवडा रोगाच्या बीजाणूंना रुजण्यासाठी पानावर ओल लागते. पानाच्या वरच्या बाजूला शिरांनी सीमित केलेले पिवळे कोनाकार डाग आणि खालच्या बाजूला करडी-जांभळट बुरशी, ही त्याची खूण आहे. भुरी रोगात पानावर पांढरी पूड पसरल्यासारखी दिसते आणि पावसाने उघडीप दिल्यावर तिचा जोर वाढतो. दोन्ही रोगांवरील औषधे वेगळी असल्याने ओळख न पटवता केलेली फवारणी वाया जाते.

कोकणात वेलभाज्यांसाठी घातला जाणारा मांडव येथे उपयोगी पडतो. वेल जमिनीवरून उचलला गेल्याने पानांतून वारा खेळतो आणि ती लवकर वाळतात. बुंध्याजवळची जुनी, डागाळलेली पाने कोरड्या हवेत काढून बागेबाहेर टाकावीत. नत्रयुक्त खताचा अतिरेकही टाळावा. त्यामुळे पानोळा दाटतो आणि फळधारणा मागे पडते.

मधमाशी येत नाही तेव्हा

भोपळ्याची नर आणि मादी फुले एकाच वेलावर, पण वेगवेगळी येतात. लांब, बारीक देठाचे फूल नर असते, तर मादी फुलाच्या खाली चिमुकले फळ दिसते. सुरुवातीला बहुधा नर फुलेच येतात, ती गळून पडणे स्वाभाविक आहे. परागकण जड आणि चिकट असल्याने ते वाऱ्याने वाहून जात नाहीत. मधमाश्यांवाचून काम अडते. संततधारेत मधमाश्या बाहेर पडत नाहीत आणि भिजलेले पराग निकामी होतात. परागीभवन न झालेले फळ काही दिवसांतच पिवळे पडून गळते. हा रोग नव्हे. अशा वेळी फवारलेले कीटकनाशक उरल्यासुरल्या मधमाश्यांनाही मारते.

भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढण्यापूर्वी मिटू लागते. त्यामुळे सकाळी लवकर ताजे नर फूल खुडून, पाकळ्या काढून, त्यातील पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. रात्री पावसाची शक्यता असल्यास उमलण्याच्या बेतात असलेल्या दोन्ही कळ्या आदल्या संध्याकाळी कागदी पिशवीने झाकाव्यात. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात. त्यांच्यासाठी हेच काम दिवस मावळताना करावे.

फळमाशीपासून राखण

फळ धरल्यानंतर फळमाशी कोवळ्या सालीखाली अंडी घालते आणि अळ्या फळ आतून पोखरतात. फळाला कागदी किंवा कापडी पिशवी बांधणे हा घरगुती बागेतील सर्वात सोपा आणि विषमुक्त उपाय आहे. किडकी फळे वेलाखाली पडू देऊ नयेत. या अळ्या मातीतच कोषावस्थेत जातात. क्यू ल्यूर सापळ्यात नर माश्या अडकतात.

जमिनीवर टेकलेल्या भोपळ्याखाली वीट किंवा फळी ठेवावी. सालीत नख रुतेनासे झाले की उघडीप पाहून, चार-पाच सेंटिमीटर देठ राखून फळ कापावे. कोरड्या, हवेशीर जागी ठेवलेला असा निरोगी भोपळा पाऊस सरल्यानंतरही काही महिने टिकतो.