पोरं कंटाळतात ती ठिकाणाला नव्हे

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये होतो आणि धाकट्याची वार्षिक परीक्षा एप्रिलात रेंगाळते. त्या मधल्या दिवसांत आष्टीतल्या घराघरांत एक तक्रार ऐकू येते. "मोठ्याला कुठं यायचंच नसतं. नेलं तरी मोबाईलात डोकं घालून बसतो." तक्रार आईबापांच्या मायेतूनच येते, पण तिच्यात बरेच गैरसमज आहेत.

या वयाला फिरणं आवडत नाही, हा त्यातला सगळ्यात मोठा. खरं तर आवडत नाही ते पहाटे चारला उठणं. वयात येताना झोपेची वेळ ठरवणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं, म्हणून अकरा वाजले तरी डोळा लागत नाही. झोप मात्र आठ ते दहा तास लागतेच. आपण 'ऊन व्हायच्या आत पोचू' म्हणून अंधारात गाडी काढतो आणि नगर येईपर्यंत पोराची मान खिडकीवर लोळत असते. तो आळस नाही, ते वयच तसं असतं. वेरूळला जायचं तर आदल्या संध्याकाळी पोचून मुक्काम करावा. सकाळ गारव्यात मिळते आणि कुणाची झोपही मोडत नाही.

वेरूळचं नाव काढलं की "लेण्यांत पोरांना काय रस?" असं म्हटलं जातं. सगळी 34 लेणी एका दमात दाखवली तर मोठ्यांनाही रस उरणार नाही. मी म्हणेन, सोळाव्या लेण्यातच दोन तास घालवा. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात हे कैलास मंदिर डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलं. पायाआधी कळस! पोराला आधी शेजारच्या वाटेनं वरच्या कड्यावर न्या आणि विचारा, पहिला घाव कुठं घातला असेल? तिथून ते स्वतःच पाहू लागतं. मंगळवारी वेरूळ बंद असतं, आणि 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

थंड हवेच्या ठिकाणी मे महिन्यात थंडी वाजते, हीही समजूत सोडून द्यावी. महाबळेश्वरला सकाळ-संध्याकाळ सुखाची असते, दुपारी ऊन जाणवतंच, आणि सुट्टीतली गर्दी वेगळी. जवळ म्हणून उन्हाळ्यात सौताड्याला निघणाऱ्यांना धबधब्याच्या जागी कोरडा कडा दिसतो. तो पावसाळ्यासाठी राखून ठेवा.

खर्च केला, लांब नेलं की पोरं खूश होतात, या समजुतीनं मात्र मन दुखतं. आपल्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्या घरच्या लेकराला आईबापांबरोबरचा एक अख्खा दिवसही मोठा असतो, आणि तो नगरलाही साजरा होतो. सप्टेंबर 2022 मध्ये नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली. वेळापत्रक पाहणं, तिकिटं काढणं, पैशांचा हिशोब ठेवणं हे सगळं मोठ्या मुलावर किंवा मुलीवर सोपवावं. बेत आपला वाटला की तोंड पाडायला कारण उरत नाही. नगरला 1994 मध्ये उघडलेलं रणगाडा संग्रहालय आहे. युद्धात पकडलेला पॅटन रणगाडा हाताच्या अंतरावरून बघताना चौदा वर्षांचं पोर गप्प राहत नाही. पाथर्डी रस्त्यावरच्या डोंगरावर 'चांदबिबी महाल' आहे. नाव असं असलं तरी तो चांदबिबीचा महाल नाही. ती निजामशाहीतला मंत्री दुसरा सलाबतखान याची अष्टकोनी, तीन मजली कबर आहे. ही गोष्ट पोरांना आधी सांगू नका, तिथं जाऊन त्यांनाच शोधू द्या.

राहिला मोबाईल. तो हिसकावल्याशिवाय सहल होत नाही, असं अनेकांना वाटतं. त्यांनी मे महिन्याच्या अखेरीस, शाळा उघडायच्या आत, भंडारदऱ्याचा विचार करावा. मोठा पाऊस सुरू होईपर्यंत घाटघर, उडदावणे या भागात हिरडा-बेहड्याच्या झाडांवर काजवे लखलखतात. नर उडता उडता चमकून मादीला खूण करतो, मादी बसल्या जागेवरून उत्तर देते, आणि पुष्कळदा एका झाडावरचे सगळे एका तालात उजळतात नि विझतात. हा खेळ रात्रीचा, म्हणजे पोरांच्या जागं राहण्याच्याच वेळेचा. परिसर अभयारण्याचा आहे, तेव्हा वनखात्यानं गाड्यांवर आणि वेळेवर घातलेली बंधनं निघण्याआधी विचारून घ्यावीत. झाडापासून दूर उभं राहावं, पायवाट सोडू नये. बॅटरीचा किंवा मोबाईलचा उजेड पडला की काजव्यांच्या खुणा एकमेकांना दिसेनाशा होतात, त्यांचं मीलन चुकतं. एवढं कारण सांगितलं तर पोरं स्वतःच मोबाईल खिशात घालतात, आणि शेजारच्या अनोळखी माणसालाही दबक्या आवाजात सांगतात, "काका, उजेड बंद करा ना."