रतनगडाचे नेढे

आजऱ्याच्या रामतीर्थावर ऐन पावसाळ्यात उभे राहिले, की पाणी कातळाशी किती बळाने भिडते ते वेगळे सांगावे लागत नाही. आंबोलीच्या गुहेतून निघालेली ही हिरण्यकेशी, अरबी समुद्र इतका जवळ असूनही त्याच्याकडे पाठ फिरवते आणि घटप्रभा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळते. पण डोंगरच आरपार पोखरला गेलेला बघायचा तर आपल्याला उत्तरेची वाट धरावी लागते. आजरा-चंदगडकडच्या डोंगरमाथ्यांवर जांभ्याचे थर, त्यामुळे माथे रुंद आणि सपाट, सडेच सडे. डोंगरातल्या अशा आरपार भोकाला, म्हणजे नेढ्याला, हवी अरुंद धार, दोन्ही बाजूंनी झिजून पातळ झालेली.

तशी नेढी सह्याद्रीत बरीच आहेत. राजगडाच्या सुवेळा माचीवरचे प्रसिद्धच आहे, इर्शाळगडाला आहे, वणीजवळच्या मोहनदरला आहे. पण एकच बघणार असाल तर मी रतनगडाचे सांगेन.

पुणे, संगमनेर, अकोले, भंडारदरा करत रतनवाडीला पोहोचायचे. गावातले अमृतेश्वराचे कोरीव मंदिर आणि त्याची पुष्करणी घाईत बघू नये. मग रानातली चढण, कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या, गणेश दरवाजा, हनुमान दरवाजा. गडाच्या माथ्यावरच्या धारेत ते भगदाड दिसते आणि शेवटचा मोडक्या दगडांचा चढ हातपाय टेकत चढावा लागतो. आत माणसे आरामात बसतात. वारा मात्र असा घुसतो, की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, टोपी हातात धरून ठेवावी लागते. निरभ्र दिवशी अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई एकाच रांगेत समोर उभे राहतात. याच गडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते आणि गोदावरीकडे निघते. गडापलीकडे, साम्रदच्या सांदण दरीतले पाणी कोकणात उतरते. घाटमाथ्याची कड म्हणजे काय, हे इथे नकाशाशिवाय समजते.

वाऱ्याने नेढे पाडले, असे बहुतेकजण सांगतात. वारा सुटलेली माती-वाळू झाडून नेतो एवढेच. खरे काम पाण्याचे आणि उन्हाचे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा प्रदेश घडला. सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट, तर काहींत अडकलेल्या वायूच्या असंख्य पोकळ्या, त्यांत पुढे पांढरी खनिजे साचलेली. असा ठिपकेदार कातळ लवकर कुजतो. पाणी भेगांत मुरते, उन्हापावसाने भेगा रुंदावतात, खपल्या सुटत जातात. धारेच्या दोन्ही अंगांनी झीज एकमेकींना भेटली आणि वरचा घट्ट थर टिकून राहिला, की नेढे तयार होते.

जगात याहून कितीतरी मोठ्या कमानी आहेत. चीनच्या काश्गरजवळ डोंगरात दडलेली एक कमान सुमारे 365 मीटर उंच भरते, म्हणजे आयफेल टॉवरहून उंच. ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टन 1947 मध्ये तिथे पोहोचला. पुढे तिचा नेमका ठावठिकाणाच हरवला आणि 2000 साली नॅशनल जिओग्राफिकच्या मोहिमेने ती पुन्हा गाठली. माल्टाच्या किनाऱ्यावरची विख्यात कमान मात्र मार्च 2017 मधल्या वादळात समुद्रात कोसळली. जी झीज नेढे घडवते तीच ते पाडते. म्हणून नेढ्याच्या माथ्यावर चढू नये, भिंतींवर नावे तर मुळीच कोरू नयेत. आपल्या गडांवर ही नावे पाहिली की जीव तुटतो. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, तेव्हा धूर आणि आरडाओरडा टाळावा. रतनगडासाठी दिवाळीनंतर माघापर्यंतचे दिवस उत्तम. पावसात तिथला कातळ शेवाळतो.

परतीच्या वाटेवर सवड असेल तर आळेफाट्यावरून नगर रस्त्याला वळून आणे घाटातली गुळुंचवाडी बघावी. मळगंगेच्या देवळाजवळ ओढ्याने काळा कातळ खालून कोरला आहे आणि वर दगडाचा अखंड पूल शिल्लक राहिला आहे. तिथे शिडी नाही, दमवणारी चढण नाही. म्हाताऱ्या माणसांनाही नेता येते. नदी कातळ कसा कोरते ते रामतीर्थावर पाहिलेल्या आजरेकराला ही जागा लगेच ओळखीची वाटेल. फक्त रतनगडाला टाळायचा तोच पावसाळा इथे धरावा, म्हणजे पुलाखालून ओढा वाहताना दिसतो.