फलाट, थांबा आणि तळ्याचा काठ

बस, रेल्वेगाड्या आणि चतुर यांची छायाचित्रे एकाच व्यक्तीने छंद म्हणून काढावीत, हे वरवर पाहता विसंगत वाटते; परंतु हे तिन्ही विषय हलते आहेत, तिन्हींना ठरावीक वाट आणि बऱ्याच अंशी ठरावीक वेळ आहे, तिन्हींचे प्रकार-उपप्रकार बारकाव्यांवरून ओळखावे लागतात आणि तिन्ही इतके नित्याचे आहेत की त्यांच्याकडे निरखून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. या छंदासाठी कोल्हापूरइतके सोयीचे शहर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. येथे मध्यवर्ती बसस्थानक आणि छत्रपती शाहू महाराज टर्मिनस हे रेल्वेस्थानक एकमेकांपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. रंकाळा, कळंबा आणि राजाराम हे तलाव तसेच शिवाजी विद्यापीठाच्या आवारातील तळी शहरात किंवा शहराच्या वेशीवर आहेत. आणि पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी व दाजीपूरचे डोंगर एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहेत. बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास स्वदेशी चलच्चित्र कॅमेरा घडवला तो याच शहरात, तेव्हा कॅमेऱ्याचे अप्रूप कोल्हापूरला नवे नाही. मात्र तो कॅमेरा प्रामुख्याने पौराणिक आणि ऐतिहासिक कथांच्या कामी आला आणि रस्त्यावरच्या रोजच्या गाडीकडे वळण्यास छायाचित्रकारांना पुढे बराच काळ लागला.

बसच्या छायाचित्रणाचा आरंभ बस ओळखण्यापासून होतो. राज्य परिवहनाची, म्हणजेच एस.टी.ची, पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली आणि तेव्हापासून या सेवेने इतक्या तऱ्हेच्या गाड्या वापरल्या आहेत की त्यांचा स्वतंत्र इतिहास लिहिता येईल. एस.टी.ची बस पूर्वापार दोन टप्प्यांत तयार होत आली आहे : इंजिन, चाके आणि त्यांना जोडणारा पोलादी सांगाडा, ज्याला चॅसी म्हणतात, तो टाटा किंवा अशोक लेलँड यांसारख्या कंपन्यांकडून येतो आणि त्यावरची बांधणी, म्हणजे पत्रा, खिडक्या व आसने, महामंडळाच्या पुण्याजवळील दापोडी, छत्रपती संभाजीनगरजवळील चिकलठाणा आणि नागपूरजवळील हिंगणा येथील कार्यशाळांत होते. गाडीची नोंदणी बहुधा बांधणीच्या ठिकाणी होत असल्यामुळे एम.एच. १४ ने सुरू होणारा क्रमांक दापोडीकडे, एम.एच. २० चा चिकलठाण्याकडे आणि एम.एच. ४० चा नागपूरकडे बोट दाखवतो. म्हणूनच कोल्हापूर आगाराच्या लाल गाडीवर कोल्हापूरचे एम.एच. ०९ हे पासिंग सहसा दिसत नाही, आणि याचे कारण रोज तिने प्रवास करणाऱ्यांनाही क्वचितच ठाऊक असते. आयत्या खरेदी केलेल्या आणि भाडेतत्त्वावर घेतलेल्या गाड्यांमुळे हा ठोकताळा अलीकडे सैल झाला असला, तरी जुन्या छायाचित्रांचे वाचन करताना तो अजून उपयोगी पडतो.

बांधणीच्या जोडीला गाड्यांचे वर्ग येतात. साधी लाल गाडी, १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धेवरून नाव पडलेली एशियाड, निमआराम हिरकणी, वातानुकूलित शिवनेरी, २०१७ पासून धावू लागलेली शिवशाही आणि अंगावर विठ्ठलाचे चित्र मिरवणारी विठाई या प्रत्येकीची रंगसंगती वेगळी आहे. त्यांपैकी साध्या लाल गाडीची छायाचित्रे सर्वांत कमी जपली गेली असावीत, कारण नव्या गाडीचे अप्रूप असते आणि जुनी गाडी उद्याही असणारच असे गृहीत धरले जाते. हाताने रंगवलेले लाकडी किंवा पत्र्याचे मार्गफलक, ज्यांवर ‘गारगोटी मार्गे’ किंवा ‘विनाथांबा’ अशी अक्षरे वळणदार मराठीत असत, ते विजेच्या फलकांनी हटवायला सुरुवात केली तेव्हा ते टिपून ठेवण्याची निकड फारच थोड्यांना वाटली.

कोल्हापूरच्या स्थानकाचे आणखी एक वैशिष्ट्य सीमेमुळे आले आहे. बेळगाव, निपाणी आणि चिकोडीकडून येणाऱ्या कर्नाटकाच्या गाड्या आणि गोव्याच्या कदंबा महामंडळाच्या गाड्या एस.टी.च्या शेजारी उभ्या राहतात, त्यामुळे एकाच चौकटीत मराठी, कन्नड आणि रोमन अक्षरांचे फलक सापडतात. सीमाप्रश्नावरून तणाव वाढला की दोन्ही राज्यांच्या गाड्या सीमेअलीकडेच थांबवल्या जातात आणि ही चौकट तेवढे दिवस मोकळी राहते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पुणे–बेंगळुरू महामार्ग शहराजवळ पाण्याखाली गेला, तेव्हा स्थानकात अडकून पडलेल्या गाड्यांची साधी छायाचित्रेही आपोआप त्या आपत्तीची नोंद ठरली.

तांत्रिक बाजूने पाहता बसचे छायाचित्र सोपे समजले जाते, पण विजेच्या मार्गफलकाने त्यात एक अडचण निर्माण केली आहे. या फलकावरील दिवे सलग पेटलेले नसून ओळीओळीने अतिशय जलद उघडझाप करत असतात. डोळ्याला ती उघडझाप कळत नाही, परंतु कॅमेऱ्याची झडप, म्हणजे शटर, सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच वेळ उघडली तर त्या क्षणी पेटलेल्या ओळीच चित्रात उमटतात आणि ‘कोल्हापूर’ हे नाव अर्धेच दिसते. झडपेचा वेग सेकंदाच्या सव्वाशेव्या भागापर्यंत किंवा त्याहून कमी ठेवला तर अक्षरे पूर्ण येतात, मात्र मग धावती गाडी पुसट होते. यावर उपाय म्हणजे गाडीच्या वेगाने कॅमेरा आडवा फिरवत छायाचित्र घेणे : सेकंदाच्या तिसाव्या ते साठाव्या भागाइतका वेळ झडप उघडी ठेवून ही हालचाल साधली, तर गाडी स्पष्ट राहते, पाठीमागची दुकाने रेषांसारखी ओढली जातात आणि वेगाचा भास निर्माण होतो.

रेल्वेच्या बाबतीत कोल्हापूरचे स्थान निराळे आहे, कारण हे अंतिम स्थानक आहे. मिरज–कोल्हापूर हा पन्नास किलोमीटरहून थोडा कमी लांबीचा मार्ग कोल्हापूर संस्थानाच्या खर्चाने बांधला जाऊन १८९१ मध्ये खुला झाला. तो मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांमधील अंतर एक मीटर होते, आणि १९७० नंतरच्या काही वर्षांत पुण्यापासूनच्या मार्गासह तो १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजमध्ये बदलण्यात आला. या बदलानंतर काही काळ मिरज जंक्शनवर ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज असे तीनही रुंदीचे रूळ एकाच आवारात होते. अशी जागा देशात विरळ होती, आणि त्या काळात हाती कॅमेरा असलेला रेल्वेप्रेमी मिरजेला असणे हा केवढा योग ठरला असता, हे आज कळते.

रेल्वेच्या छंदातील परिभाषा बाहेरच्याला गूढ वाटते, तरी तिची रीत सरळ आहे. इंजिनाच्या अंगावर लिहिलेल्या ‘डब्ल्यूडीएम’ किंवा ‘डब्ल्यूएपी’ अशा संकेतातील पहिले अक्षर रुळांची रुंदी सांगते, ज्यात ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज आणि ‘वाय’ म्हणजे मीटरगेज. दुसरे अक्षर शक्तीचा प्रकार सांगते, ज्यात ‘डी’ म्हणजे डिझेल आणि ‘ए’ म्हणजे प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह. आणि तिसरे अक्षर काम सांगते, ज्यात ‘पी’ प्रवासी गाड्यांसाठी, ‘जी’ मालगाड्यांसाठी आणि ‘एम’ दोन्हींसाठी असते. अमेरिकेतील अल्को कंपनीच्या आराखड्यावर आधारलेली आणि १९६४ पासून वाराणसीत तयार होऊ लागलेली डिझेल इंजिने या मार्गावर कित्येक वर्षे धावली; सुटताना निघणारा त्यांचा काळा धूर आणि लयबद्ध धडधड यांवर अनेक रेल्वेप्रेमींचा जीव जडला होता. मार्गाचे विद्युतीकरण झाल्यावर ही इंजिने मागे पडली आणि डोक्यावर तारा व बाजूला खांब आल्यामुळे चित्राची रचनाही बदलली, कारण एखादा खांब इंजिनाच्या तोंडासमोर येणार नाही असा क्षण आता नेमका निवडावा लागतो.

प्रकाशाचा हिशेब येथे वेळापत्रकाशी जुळवावा लागतो. कोल्हापूरहून मार्ग साधारणतः पूर्वेकडे जातो; त्यामुळे मुंबईहून सकाळी येणाऱ्या महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या पाठीशी सूर्य असतो आणि तिच्या इंजिनाचा दर्शनी भाग सावलीत राहतो, तर सकाळीच मुंबईकडे निघणाऱ्या कोयना एक्स्प्रेसच्या तोंडावर ऊन पडते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्याने गाडीची दक्षिण बाजू अधिक उजळते. रुकडीजवळचा पंचगंगेवरील पूल हे या मार्गावरचे सर्वांत देखणे ठिकाण म्हणता येईल, पण तेथे पुलावर किंवा रुळांवर न जाता लांबून चित्र घेणे हाच एक मार्ग आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना प्रवेश हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फलाटावर तिकीट असले तरी सुरक्षा कर्मचाऱ्यांनी हटकले तर हुज्जत न घालणे शहाणपणाचे असते आणि व्यावसायिक चित्रणाला रेल्वेची पूर्वपरवानगी घ्यावीच लागते.

चतुराकडे वळताच हे नियम सुटतात, पण संयमाची गरज वाढते. ओडोनाटा या कीटकगणात चतुर आणि टाचणी असे दोन गट येतात : चतुर बसताना पंख पसरून ठेवतो आणि त्याचे डोळे बहुतेक वेळा एकमेकांना भिडलेले असतात, तर सडपातळ टाचणी बहुधा पंख पाठीवर मिटून घेते आणि तिचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना असतात. दोन्हींचे बालपण पाण्यात जाते आणि तेथे त्यांच्या अळ्या डासांच्या अळ्यांसह अनेक लहान जीव फस्त करतात. भारतातील या कीटकांचा पायाभूत ग्रंथ एफ. सी. फ्रेझर या लष्करी वैद्यकाने १९३३ ते १९३६ या काळात तीन खंडांत लिहिला. फावल्या वेळात जोपासलेल्या आवडीतून शास्त्राला केवढा आधार मिळू शकतो, याचा हा ठळक नमुना आहे.

चतुर टिपताना त्याच्या सवयी कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामी येतात. काही जाती सतत उडत राहतात, तर काही एका काडीवर बसून शिकारीवर झेपावतात आणि पुन्हा त्याच काडीवर परततात. या दुसऱ्या प्रकारच्या चतुराच्या मागे धावण्याऐवजी त्या काडीवर भिंगाचा रोख धरून थांबले की तो स्वतःच चौकटीत येतो. भर उन्हात तो शेपटासारखा दिसणारा उदरभाग सूर्याकडे ताठ उभा करतो, ज्यामुळे अंगावर कमी ऊन पडून शरीर तापत नाही. पहाटेच्या गारव्यात स्नायू थंड असल्याने तो सहज उडत नाही आणि तेव्हाच जवळून चित्र घेणे शक्य होते. जवळून घेतलेल्या चित्रात स्पष्टतेचा पट्टा काही मिलिमीटरचाच असतो, म्हणून कॅमेऱ्याची पाठ चतुराच्या शरीराला समांतर ठेवावी लागते; अन्यथा डोळे स्पष्ट येतात आणि पंखांची टोके धूसर होतात. ओळख पटवायची असेल तर एकच सुंदर चित्र पुरत नाही, कारण छातीच्या बाजूवरील पट्टे, पंखांच्या टोकाजवळचा रंगीत ठिपका आणि नराच्या शेपटाच्या अग्राची ठेवण वेगवेगळ्या कोनांतूनच दिसते.

कोणता चतुर कोठे दिसतो यावरून पाण्याची स्थितीही उमगते. नारिंगी पंखांचा ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा सांडपाणी मिसळलेल्या तळ्यातही तग धरतो, त्यामुळे केवळ तोच विपुल दिसत असेल तर काठावरच्या माणसाने पाण्याविषयी शंका घ्यावी. याउलट हेलिओसायफा बायसिग्नाटा या देखण्या टाचणीला राधानगरीसारख्या जंगलातील स्वच्छ, वाहते ओढे लागतात. भातखाचरांत पांढऱ्या-काळ्या पंखांचा न्यूरोथेमिस टुलिया आढळतो. ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा हा करड्या ठिपक्यांचा चतुर दगडी भिंतींवर बसतो आणि सिमेंटच्या टाक्यांतही अंडी घालतो, तेव्हा फलाटाच्या कडेच्या भिंतीवर तो दिसला तर नवल नाही. गाड्यांशी चतुरांचे आणखी एक विचित्र नाते आहे : पाण्यावरून परावर्तित होताना प्रकाशाची कंपने एका पातळीत येतात आणि चतुर त्यावरूनच पाणी ओळखतो, परंतु गडद, चकचकीत रंगाच्या वाहनाचा पत्राही तसाच प्रकाश परतवत असल्याने माद्या कधीकधी उभ्या वाहनावरच अंडी घालू पाहतात. बस धुण्याच्या जागेवर थांबणाऱ्या छायाचित्रकाराला त्यामुळे दोन्ही विषय एकाच चौकटीत मिळण्याची शक्यता असते.

पावसाळ्याअखेर माळरानांवर थव्याने घिरट्या घालणारा पिवळसर पँटाला फ्लॅव्हेसेन्स हा या सर्वांतला प्रवासी होय. तो भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातो, असे मालदीवमध्ये राहून अभ्यास करणारे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले. कोल्हापुरापासून दूर नसलेल्या सिंधुदुर्गात तर अजूनही नव्या जाती सापडत आहेत : २०१९ मध्ये सेरिअग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी आणि २०२२ मध्ये आंबोलीजवळील चौकुळ गावाच्या नावाने बर्मागोम्फस चौकुळेन्सिस हा चतुर शास्त्राला प्रथमच ज्ञात झाला.

अशा शोधांमागे नेमक्या नोंदी असतात आणि या छंदात चित्राइतकीच नोंद मोलाची आहे : दिनांक, वेळ, ठिकाण, गाडीचा क्रमांक व मार्ग, किंवा चतुर असेल तर पाण्याचा प्रकार आणि हवामान. नोंद हरवलेल्या चित्राचे पुढे काय होते, हे मात्र विषयागणिक बदलते. बसच्या पाटीवर एम.एच. असेल तर चित्र १९८० च्या दशकाच्या अखेरीनंतरचे, हे सांगता येते. रेल्वेचे डबे आधी विटकरी तांबडे, मग निळे आणि अलीकडे लाल-करडे झाल्याने तेथेही काळाचा अंदाज बांधता येतो. चतुराचा रंग शंभर वर्षांपूर्वी होता तसाच आज आहे, त्यामुळे तारीख आणि ठिकाण नसलेल्या त्याच्या चित्रावरून त्या तळ्याविषयी काहीच सिद्ध होत नाही.